वरच्या मजल्यावरचा चीन

चीनमध्ये दुष्काळ पडलेला असताना मी कर वाढवला.

कारण सांगतो, पण हसू नका. मला आरमार बांधायचं होतं. रयत उपाशी आणि मी जहाजांच्या शिडांना कुठला रंग शोभेल ते बघत बसलेलो. उठून चहा केला, गाळून परत खुर्चीत येऊन बसलो, तोवर अर्धा देश लाल झाला होता.

हा सगळा प्रकार बडोद्यात, दांडिया बाजारातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर, कंप्यूटरवर घडला. मी तेव्हा करजणच्या बाजूला एका केमिकल प्लांटमध्ये शिफ्ट ड्यूटी करत होतो. पहिली पाळी संपवून दुपारी खोलीवर यायचं आणि दिवेलागणीपर्यंत राज्य करायचं, असा माझा दिनक्रम. खेळ ऐतिहासिक डावपेचांचा. त्यात कुठलाही देश निवडता येतो. शहाणी माणसं एखादा लहानसा, आटोपशीर देश घेतात. मी चीन घेतला, कारण नकाशावर तो भलामोठा दिसत होता. लग्नात बुफेचं ताटही मी याच तत्त्वावर भरतो.

चीनची अडचण अशी की त्याच्यावर बाहेरून सहसा कोणी चालून येत नाही. तो आतून फुटतो. एकेका प्रांतातली नाराजी चढत जाते, प्रांत पिवळा होतो, मग नारिंगी, मग लाल, आणि लाल झाला की बंड उठतं. बंडवाल्यांची मागणी येते. ती मान्य करा, नाहीतर फौज पाठवा. दोन्ही नको असेल तर बघत बसा, म्हणजे शेजारचा प्रांतही लाल होतो. पुरेसे प्रांत पेटले की सम्राटाची पत संपते आणि घराणं बुडतं. माझी घराणी इतकी भराभर बुडत होती की मी त्यांना नावं द्यायचं सोडून दिलं होतं.

त्या दिवशी असंच एक घराणं शेवटच्या घटका मोजत असताना घरमालक काका टाकीतलं पाणी बघायला वर आले आणि माझ्या दारात थबकले.

"हे काय पेटलंय?"

चीन, म्हणून सांगितलं.

"कुणी पेटवला?"

मीच, म्हणून कबूल केलं. त्यांनी बाथरूमबाहेरचं प्लास्टिकचं स्टूल ओढलं आणि माझ्याशेजारी मांडलं. त्यानंतर बडोद्यात असेपर्यंत चीन मला एकट्याला कधी मिळाला नाही.

काकांबद्दल आधी थोडं सांगायला हवं. त्यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. काका स्वतः जकात नाक्यावर नोकरी करून निवृत्त झाले. जकात गेली, नाके गेले, पण काकांच्या अंगातला नाका काही गेला नाही. जिन्याच्या पायथ्याशी त्यांची वेताची खुर्ची. येणारा प्रत्येक माणूस आणि प्रत्येक पिशवी तिच्यासमोरून जायची. हाताशी एक बारीक लोखंडी सळई असायची, पूर्वी पोत्यांत खुपसून बघायची तशी. माझी लाँड्रीची पिशवी, माझे पेरू, एकदा तर माझी नवी उशी, सगळ्यांना ती सळई लागलेली आहे. "काही जाहीर करण्यासारखं?" एवढंच विचारायचे, आणि उत्तराची वाट न बघता टोचायचे. उशीतून कापूस बाहेर आला तेव्हा "कापूस आहे," म्हणाले आणि मला सोडलं. बाहेर जाणाऱ्या मालाकडे मात्र ढुंकून बघायचे नाहीत. बाहेर जाणाऱ्यावर आपला हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं.

बंडीच्या खिशाला पेन, पायांत घरातसुद्धा मोजे, आणि तोंडी लावायला गुजराती. पसंत पडलं की "चालशे", नाही पडलं की "एम ना चाले." भांडण रंगात आलं की मराठी, ते संपवायचं असलं की गुजराती. काकू म्हणायच्या, लग्न ठरलं तेव्हा मुलगी पसंत आहे का असं विचारल्यावर "चालशे" म्हणाले होते, आणि त्यानंतर इतक्या वर्षांत याहून बरं काही म्हणालेले नाहीत.

तर असा हा माणूस माझा सल्लागार झाला. पहिला खटका करावरून उडाला. काकांचं मत पडलं की कर वाढवण्यात वावगं काही नाही, पण चहा पाजून घ्यायला हवा. नाक्यावर ते म्हणे ट्रकवाल्याला आधी चहा द्यायचे आणि मग पावती फाडायचे. मी सांगितलं, या खेळात चहाचं बटण नाही. त्यांचा विश्वास बसेना. चीन आहे आणि चहा नाही? त्यांनी मला सगळे मेनू उघडायला लावले. तिसऱ्या मेनूत असताना माझी उत्तर सीमा गेली.

दुसरा खटका नावांवरून. चिनी नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती, म्हणून त्यांनी प्रांतांना ओळखीची नावं दिली. समुद्राकाठचा श्रीमंत प्रांत म्हणजे सुरतचे मामा. वाळवंटाकडचा, जिथून कधी काही मिळत नाही, तो काकूंचं माहेर. दक्षिणेकडे सारखी कुरकुर करणारा एक होता, ती करजणची आत्या. आणि पश्चिमेला डोंगरात एक मोठा, सुपीक, कायम धुमसणारा प्रांत होता. तो निजामपुरा, म्हणजे बडोद्यातलाच एक भाग.

जेवायला हाक आली की काका वरूनच ओरडायचे, "आत्या पेटली आहे, पाच मिनिटं थांब." खालून काकू विचारायच्या, कुठली आत्या. भाजीवालीलाही बातम्या जायच्या. एकदा मी कोथिंबीर घ्यायला गेलो तर ती मला म्हणाली, तुमच्या सुरतच्या मामांची तब्येत आता कशी आहे?

तिसरा खटका सगळ्यात वाईट. डाव बिघडला की मी जुना साठवलेला डाव उघडायचो, म्हणजे कालच्या जागी परत जायचो. सगळेच जातात. काकांना हे कळलं तेव्हा मी कुणाच्या खिशातून काही उचलताना सापडलो असावा तसे ते माझ्याकडे बघत राहिले. "मागं जाऊन राज्य करायचं? एम ना चाले. केलं ते निस्तर." त्या दिवसापासून मागं जाणं बंद. मी चोरून जायचो, तर दुसऱ्या दिवशी त्यांच्या लगेच लक्षात यायचं. काल मामा लाल होते, आज हिरवे कसे? सांगा आता काय सांगणार.

हे सगळं मी सोसलं असतं. पण निजामपुरा सोसवेना.

बाकीच्या प्रांतांत काका लोण्यासारखे मऊ. आत्या बंड करून उठली की मागणी मान्य. मामांची मागणी मान्य. काकूंच्या माहेरची तर मागणी यायच्या आधीच मान्य. मी म्हणायचो, काका, अशानं खजिना रिकामा होईल. ते म्हणायचे, होऊ दे, घरचीच माणसं आहेत. पण निजामपुऱ्यातून मागणी आली की बंडीच्या खिशातलं पेन काढायचे, टोपण उघडायचे, बंद करायचे आणि म्हणायचे, "नाही."

ठीक आहे, मग फौज पाठवू?

"निजामपुऱ्यावर फौज न्यायची नाही."

मग करायचं काय?

"काही नाही. तो येईल."

कोण येईल? खेळात कोणी येत नाही. बंडवाले राजधानीत येऊन पाया पडतील, असं बटण त्यात नाही. मान्यही नाही आणि मारामारीही नाही, त्यामुळे निजामपुरा महिनोन्महिने लाल राहायचा, त्याची आग शेजारच्या प्रांतांत जायची, तिथून आत्याकडे, आत्याकडून मामांकडे, आणि सोन्यासारखा सावरलेला चीन केवळ या एका प्रांतापायी पुन्हा पुन्हा बुडायचा. मी दात-ओठ खात बसायचो. एकदा ते टाकी बघायला गेलेले असताना मी घाईघाईनं निजामपुऱ्याची मागणी मान्य करून टाकली. ते परत आले, पडद्याकडे बघितलं आणि खाली गेले. संध्याकाळी मला पाणी आलं नाही.

खुलासा काकूंनी केला. निजामपुऱ्यात काकांचे धाकटे भाऊ राहतात. घरात पणजोबांची तलवार आहे. दसऱ्याला तिची पूजा होते, आणि रीत अशी की थोरला तलवार म्यानातून काढणार, धाकटा ताट धरून हळद-कुंकू लावणार. दोघांचे हात लागल्याशिवाय पूजा पुरी होत नाही. धाकट्यानं निजामपुऱ्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट घेतला, आणि एका दसऱ्याला, सगळे जेवायला बसलेले असताना, तो सहज म्हणाला की दादा, एक वर्ष तलवार आमच्याकडे राहू दे, नवीन घर आहे. त्यावर काका म्हणाले, "तलवार फ्लॅटमध्ये राहत नाही. लिफ्टमधून न्यायची का तिला?" पंगतीतले दोघं-तिघं हसले. धाकटा हात धुऊन उठला, आणि तेव्हापासून दसऱ्याला आला नाही.

"गेल्या वर्षी यांनी एकट्यानंच दोन्ही हातांनी केली पूजा," काकू म्हणाल्या. "एका हातात तलवार, एका हातात ताट. कुंकू सगळं मोज्यांवर. श्रीखंडाला शिवले नाहीत. यंदा तो आला नाही तर तलवार देवळात देऊन टाकतो म्हणालेत. आणि देतील. यांचं तुम्हाला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. माझा चीन रोज त्यापायी बुडत होता.

त्याच आठवड्यात एक दुपार अशी आली की काका वर आले, स्टुलावर बसले आणि बराच वेळ निजामपुऱ्याकडे बघत राहिले. मग इकडचं तिकडचं बोलल्यासारखं त्यांनी विचारलं, ते मागं जायचं बटण कुठलं म्हणालास? मी दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून ते नीट बघितलं. दाबलं नाही. "बरं," म्हणाले आणि टाकी न बघताच खाली गेले.

इथं एखाद्या शहाण्या भाडेकरूनं गप्प बसायला हवं होतं. पण मी चीनचा सम्राट होतो, आणि त्या खेळात मला एक बटण नव्यानं सापडलं होतं: भेट पाठवणे. नाराज प्रांताला भेट पाठवली की तो नरमतो.

दसरा उजाडला. गल्लीतली मंडळी नवरात्रभर गरबा खेळून अर्धवट झोपेत होती, फाफडा-जलेबीच्या दुकानापुढे रांग होती. काकांनी सकाळीच मला आपट्याच्या पानांची मोठी जुडी दिली होती, प्लांटमधल्या माणसांना सोनं वाटायला. ती जुडी घेऊन मी जिना उतरलो. बाहेर जाणारा माल. सळई जागची हलली नाही. मी स्कूटर काढली आणि करजणच्या रस्त्याला न लागता थेट निजामपुरा गाठला. चौथा मजला, लिफ्टनं.

दार धाकट्या काकांनीच उघडलं. काकांचाच चेहरा, फक्त मिशीवाला. मी जुडी पुढं केली आणि जमेल तेवढ्या गांभीर्यानं म्हणालो, "दादांनी तुमच्यासाठी सोनं पाठवलंय."

त्यांचा चेहरा उतरला. मी मनात म्हटलं, लागला बाण.

"दादांनी? आधी? स्वतःहून?"

हो, म्हटलं.

ते दाराला धरून उभे राहिले. दादा काही बोलतात का, असं विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की सकाळपासून फारसे बोललेले नाहीत. काही खाल्लं का? तर तेही नाही, पाण्याशिवाय पोटात काही नाही. पूजेआधी ते काही खात नाहीत, हे वेगळं सांगायची मला गरज वाटली नाही. झोपून आहेत का? मी निघालो तेव्हा पडले होते जरा; वेताच्या खुर्चीत, हे मी सांगितलं नाही. धाकट्या काकांनी जुडी छातीशी धरली आणि आत वळून बायकोला हाक मारली.  "तुम्ही व्हा पुढं," मला म्हणाले, "आम्ही आलोच."

येताना मी अर्धा किलो फाफडा घेतला, वर जलेबी. बंड शमवून आलेल्या माणसाला एवढं चालतं.

घरी आलो तर जिन्यापाशी खुर्ची रिकामी. काका वर, माझ्या खोलीत, चीनपुढे. एकट्यानं खेळायला ते अलीकडेच शिकले होते आणि माझी परवानगी घेत नसत. पुढच्या खोलीत पाटावर तलवार मांडलेली, ताट तयार, आणि काकू दाराकडे बघायचं नाही असं ठरवून वाती वळत बसलेल्या. मी त्यांना हळूच सांगितलं, की येताहेत. काकूंच्या हातातून कापूस पडला.

रिक्षा थांबल्याचा आवाज आला. धाकटे काका आत आले ते तलवारीकडे, वहिनीकडे, कुणाकडेच न बघता. "कुठं आहेत?" एवढंच विचारलं. काकूंनी भांबावून वर बोट केलं. ते जिना चढत गेले, मागून त्यांची बायको, हातात एक झाकलेला तांब्या, आणि तिच्या मागून मी, शाबासकी घ्यायला.

दारातूनच धाकट्यानं "दादा" म्हणून टाहो फोडला.

काका वळलेसुद्धा नाहीत. "ओरडू नको," म्हणाले, "निजामपुरा पेटलाय."

 मग काकांची मान सावकाश वळली. धाकटा डोळे पुसत उभा, छातीशी आपट्याची जुडी. त्याच्या मागं बायको. काकांची नजर तांब्यावर गेली. सवयच ती.

"त्यात काय आहे?"

धाकटीनं पदराआड धरायचा प्रयत्न केला, पण नाक्यावरून आजवर कोणी सुटलेलं नाही. "गंगाजळ," ती पुटपुटली.

"कुणासाठी?"

धाकटीनं नवऱ्याकडे बघितलं. शेवटी धाकट्याला राग आला. मेलेला माणूस जिवंत निघाला की राग येतोच. "तुम्ही सोनं पाठवलंत ना! धाकट्यानं थोरल्याकडे यायचं सोडून तुम्ही स्वतःहून मला सोनं पाठवलंत. मला वाटलं, संपलंच."

"मी? सोनं पाठवलं? तुला?"

"म्हणून तर गंगाजळ आणलं."

जिन्यात काकू उभ्या होत्या. आधी त्यांनी पदर तोंडाला लावला, पण हसू त्यातूनही ऐकू आलं. काकांनी जुडीकडे बघितलं. तिला बांधलेला सुतळीचा तुकडा त्यांनीच सकाळी बांधला होता, गाठ त्यांची होती. तिथून त्यांची नजर माझ्याकडे आली. मी फाफड्याचा पुडा पुढं केला. कुणी घेतला नाही.

मला वाटलं, आता आजच संध्याकाळी खोली खाली करावी लागणार. काकांनी पेन काढलं, टोपण उघडलं, बंद केलं.

"आलाच आहेस तर ताट धर," ते धाकट्याला म्हणाले. "दोन हातांनी जमत नाही मला."

पूजा झाली. थोरल्यानं तलवार काढली, धाकट्यानं कुंकू लावलं. मोजे स्वच्छ राहिले. आणलेलं गंगाजळ परत कशाला न्यायचं म्हणून तलवारीवर शिंपडलं. जेवताना दोघं भाऊ शेजारी बसून एक अक्षर बोलले नाहीत, पण श्रीखंड मात्र शर्यत लावल्यासारखं खाल्लं. काकूंनी तिसऱ्यांदा वाढलं तेव्हा काका ताटाकडे बघत म्हणाले, "पुढच्या वर्षी ने तुझ्याकडे. पण लिफ्टमधून नाही. जिन्यानं. मी बरोबर येईन."

"चार मजले आहेत, दादा. तुमचे गुडघे."

"चालशे."

धाकट्यानं मान खाली घातली आणि पुरी मोडत राहिला. मीही मान खाली घातली, जरा विनयानं, कारण आता कोणीतरी माझ्याबद्दल काही बोलेल अशी माझी अपेक्षा होती.

बोललं गेलं. निघताना धाकटी, हातात रिकामा तांब्या, निरोप घ्यायला वर माझ्या खोलीत आली. काका तिथं परत चीनपुढे बसले होते. पूजेच्या गडबडीत खेळ थांबवायचा राहून गेला होता, त्यामुळे आत्या, मामा, माहेर, सगळं लालभडक, एक कोपरा हिरवा उरलेला नाही. तिनं पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काकांना विचारलं, हे तुमचे भाडेकरू करतात तरी काय?

"प्लांटात नोकरी करतो," काका पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "इथं बसून चीन बुडवतो, आणि उरल्या वेळात दुसऱ्यांच्या घरात डोकं घालतो. त्यातल्या त्यात चीनचं बरं जमतं त्याला."